आधी आग बघा, मग पाटी: ताको ट्रकवर काय मागवायचं

लॉस एंजेलिसला नव्याने आलेल्या ओळखीच्या मराठी माणसाला मी ताको ट्रकवर, म्हणजे मक्याच्या छोट्या पोळीवर मांस वगैरे घालून विकणाऱ्या मेक्सिकन गाडीवर नेतो, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. रांगेत उभं राहिल्याबरोबर तो मान वर करून खिडकीजवळची पाटी वाचायला लागतो. पंधरा-वीस नावं, सगळी स्पॅनिश. त्यात चिकन तेवढं ओळखीचं सापडतं, आणि तो तेच मागवून मोकळा होतो. खाऊन झाल्यावर म्हणतो, 'ठीक होतं.' मला त्या 'ठीक होतं'चं वाईट वाटतं. चार फुटांवर जे भाजलं जात होतं, ते चुकवून तो घरी निघालेला असतो.

पाटीवर ट्रक काय काय देऊ शकतो ते लिहिलेलं असतं. त्याचा हात कशावर बसलाय, ते आगीपाशी गेल्यावर दिसतं. म्हणून आधी आग बघायची, मग पाटी.

ट्रक निवडताना

इथले मेक्सिकन लोक या ट्रकला 'लोंचेरा' म्हणतात आणि ताको करणाऱ्याला 'ताकेरो'. लॉस एंजेलिसमधली ही परंपरा जुनी आहे. १९७४ साली राउल मार्तिनेस यांनी आइस्क्रीमचा एक जुना ट्रक बदलून त्यात ताको विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'किंग ताको' ही दुकानांची साखळी उभी राहिली. २००८ मध्ये काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, ट्रकांना एका जागी तासाभराहून जास्त थांबू न देण्याचा नियम आणला, तेव्हा गिऱ्हाइकंच त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि त्याच वर्षी तो नियम न्यायालयात टिकला नाही. तेव्हा रोज संध्याकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर उभा असलेला ट्रक दिसला, तर तो ठरलेपणा हीच त्याची पहिली खूण समजा. त्याची गिऱ्हाइकं नेहमीची असतात आणि ती फसवणूक खपवून घेत नाहीत.

बाकी दोनच गोष्टी बघा. कामावरून थेट आलेली माणसं आणि मुलंबाळं घेऊन आलेली कुटुंबं रांगेत आहेत का? आणि आरोग्य खात्याचं अक्षर. लॉस एंजेलिस काउंटीत ट्रकवर 'ए', 'बी' किंवा 'सी' असं ठळक कार्ड लावलेलं असतं. मी 'ए' सोडून दुसरीकडे जात नाही.

रांगेत उभं राहण्याआधी ट्रकला एक फेरी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात. दोन मिनिटं द्या आणि कशावर काय चाललंय ते बघा.

उभ्या सळईवर मांसाचा लालसर शंकू फिरत असेल, तर तो 'त्रोम्पो'. त्रोम्पो म्हणजे भोवरा, आणि तो दिसतोही तसाच. त्यावर 'अल पास्तोर' भाजतात. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी शावरमाची रीत सोबत आणली, पुएब्ला शहरात तिचे 'ताकोस आराबेस' झाले, आणि पुढे डुकराचं मांस, अचिओते नावाच्या बियांचा लाल रंग, ग्वाहियो मिरची आणि वर खोचलेला अननस असं त्याचं मेक्सिकन रूप ठरलं. इथे एक पारख शिकून घ्या. ताकेरो शंकूच्या बाहेरच्या, कडा करपत आलेल्या थरावरून पातळ काप सरळ तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीवर, उतरवत असेल आणि सुरीच्या टोकाने अननसाची चकती वर टाकत असेल, तर डोळे झाकून अल पास्तोर मागवा. ला ब्रेआ आणि व्हेनिस रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा लिओज ताकोस याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण पाटीवर 'अल पास्तोर' आहे आणि त्रोम्पो कुठेच नाही, असंही पुष्कळ ठिकाणी असतं. तिथे मसाला लावलेले तुकडे तव्यावर परतून देतात. खायला वाईट नसतं, पण त्यासाठी रांग लावू नका, दुसरं काही बघा.

कोळशाची किंवा लाकडाची धग आणि धूर असेल तर 'कार्ने असादा' घ्या, म्हणजे निखाऱ्यावर भाजून बारीक चिरलेलं गोमांस. तेच गॅसच्या सपाट तव्यावर केलेलं असेल तर त्यातला अर्धा जीव गेलेला असतो.

मध्ये घुमटासारखा उंचवटा आणि भोवती चरबीचा खंदक असलेला गोल पसरट तवा दिसला, तर तुम्ही नशीबवान आहात. त्या खंदकात 'सुआदेरो' मंद शिजत असतं. गाईच्या पोट आणि पायामधला हा पातळ भाग. आधी चरबीत मऊ होतो, मग घुमटावर ओढून कुरकुरीत करतात. मेक्सिको सिटीची ही खासियत.

मोठी खोल कढई असेल तर 'कार्नितास': डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवलेलं. रश्शाचं वाफाळतं पातेलं असेल तर 'बिर्रिया'. आणि कोपऱ्यात ओल्या पिठाचा गोळा आणि दाबायचं यंत्र घेऊन कुणी बाई तोर्तिया करत असतील, तर बाकी काहीही घ्या, ते त्याच तोर्तियात घ्या.

तोर्तियाचं एवढं कौतुक का, तेही सांगतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, मग दळतात. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि तो खास वास येतो. या पिठाला ते 'मासा' म्हणतात, त्यामुळे पाटीवर मासा दिसला तर मासळी समजू नका. ज्याने तव्यावरून उतरलेली भाकरी खाल्ली आहे, त्याला हातची तोर्तिया आणि पाकिटातली तोर्तिया यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पाटीवर 'एचास आ मानो' असेल तर अर्थ 'हाताने केलेल्या'.

ट्रकवर कोणत्या राज्याचं नाव आहे

'मालवणी' अशी पाटी असलेल्या खानावळीत आपण पनीर मागत नाही. इथेही तसंच. ट्रकवर रंगवलेलं गावाचं किंवा राज्याचं नाव हा अर्धा मेनू असतो.

मिचोआकान असेल तर कार्नितास. हालिस्को असेल तर बिर्रिया. सोनोरा असेल तर निखाऱ्यावरचं गोमांस आणि गव्हाच्या मोठ्या पातळ तोर्तिया. तिहुआना असेल तर असादा किंवा अल पास्तोर, वर ग्वाकामोले (अॅव्होकॅडोची चटणी) घालून, कागदाच्या पुरचुंडीत. पुएब्ला असेल तर 'सेमिता' नावाचं तिळाच्या पावाचं भरगच्च सँडविच. सिनालोआ, नायारित किंवा 'मारिस्कोस' हा शब्द दिसला तर समुद्राचं खाणं, आणि आपल्या किनारपट्टीच्या माणसाने तिथेच थांबावं. बॉइल हाइट्समध्ये ऑलिंपिक बुलेव्हार्डवर उभा राहणारा मारिस्कोस हालिस्को याचं उत्तम उदाहरण आहे. तिथला 'ताको दोरादो दे कामारोन' म्हणजे कोळंबी भरून, दुमडून तळलेली तोर्तिया, वर टोमॅटोचा पातळ साल्सा, म्हणजे चटणी, आणि अॅव्होकॅडोच्या फोडी. गोमांस आणि डुकराचं मांस न खाणाऱ्या पाहुण्यांना मी पहिल्यांदा तिकडेच नेतो.

आता पाटी वाचा

वाचायला तीन नियम पुरतात. दोन 'एल' जोडून आले की उच्चार 'य', म्हणून चिकनचं 'पोयो'. 'जे'चा उच्चार 'ह'. आणि 'एच' मुका.

मग प्राणी ओळखा. 'रेस' म्हणजे गोमांस, 'पुएर्को' किंवा 'सेर्दो' म्हणजे डुक्कर, 'चीवो' बोकड, 'बोर्रेगो' मेंढी, 'पेस्कादो' मासा, 'कामारोन' कोळंबी. अडचण अशी की पाटीवर प्राण्याचं नाव क्वचितच असतं, असतं ते पदार्थाचं. म्हणून एवढं पाठ करा: असादा, सुआदेरो, लेंग्वा, काबेसा, त्रिपास ही सगळी साधारणपणे गाईची. अल पास्तोर, कार्नितास, चोरिसो (मसालेदार सॉसेज), बुचे (जठर) ही डुकराची. गोव्याच्या वाचकांना चोरिसो ऐकून चोरीस आठवेल आणि ते बरोबर आहे, दोन्ही एकाच इबेरियन, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, घराण्यातले. तिथेही मिरची आणि व्हिनेगर आहेच, फक्त मेक्सिकन चोरिसो बहुधा ताजाच वापरतात आणि आवरण काढून खिम्यासारखा परततात.

बिर्रियाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या लोकांना ती सगळ्यात लवकर आवडते. मूळ हालिस्कोची बिर्रिया बोकडाची. ग्वाहियो, आंचो अशा सुक्या मिरच्या भिजवून वाटायच्या, त्यात मसाले घालायचे आणि मांस सुटेपर्यंत शिजवायचं. ग्वाहियो मिरची आपल्या ब्याडगीसारखी, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. सोबत प्यायला येतो तो रस्सा, 'कोन्सोमे'. कोल्हापुरात वाटीने तांबडा रस्सा पिणाऱ्या माणसाला त्याची सवय करावी लागत नाही. मात्र तिहुआनाच्या वळणाची जी बिर्रिया गेल्या काही वर्षांत सगळीकडे पसरली, चीज घालून लाल तेलात तोर्तिया शेकलेली 'केसाबिर्रिया', ती गोमांसाची असते. म्हणून मटण खाणाऱ्या पण गोमांस न खाणाऱ्याने खिडकीत हा प्रश्न विचारायचाच: 'एस दे चीवो ओ दे रेस?' बोकडाची की गाईची? उत्तर 'चीवो' आलं तर दुसरं काही बघू नका.

आणि ज्यांना मुंडी, वजडी, पाया मनापासून आवडतो त्यांच्यासाठी. तुम्ही गोमांस खात असाल तर इथे तुमचं राज्य आहे. 'काबेसा' म्हणजे वाफेवर शिजवलेल्या मुंडीचं मांस, आणि त्यातला गाल, 'काचेते', इतका मऊ की चावावा लागत नाही. 'लेंग्वा' म्हणजे जीभ. नाव ऐकून मागे हटू नका, साल काढून मंद शिजवलेली जीभ लोण्यासारखी असते. 'त्रिपास' म्हणजे आतडी. ती मागवताना 'बिएन दोरादास' म्हणा, म्हणजे चांगली कुरकुरीत करून मिळतात, तशी नसतील तर रबरासारखी लागतात. 'सेसोस' म्हणजे भेजा.

चिकनचं काय? निखाऱ्यावर अख्खी कोंबडी भाजणारा ट्रक असेल तर जरूर घ्या. इतर ठिकाणी ते बहुधा यादी पुरी करण्यासाठी असतं.

शाकाहारी असाल तर

इथे मी स्पष्ट लिहितो, कारण यात चूक झाली की माणसाचं मन दुखावतं. माझी आई भारतातून आली होती तेव्हा तिला मी एका ट्रकवर नेलं. ती पूर्ण शाकाहारी. मी विचारलं, 'सिन कार्ने?' म्हणजे मांस नाही ना? उत्तर आलं, नाही. बीन्स-भाताचा बुरितो (मोठ्या तोर्तियाची गुंडाळी) घेतला, तिने अर्धा खाल्ला. नंतर सहज चौकशी करताना कळलं की बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले होते आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला. खिडकीतला माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या दृष्टीने त्यात 'कार्ने' नव्हतंच. बोलीभाषेत कार्ने म्हणजे मुख्यतः गोमांस आणि तत्सम, कोंबडी आणि चरबी त्यात धरतीलच असं नाही. प्रश्न माझाच अपुरा होता. आई काही बोलली नाही, पण त्या सहलीत तिने परत बाहेरचं खाल्लं नाही.

तेव्हापासून मी जिन्नस घेऊन विचारतो. 'लोस फ्रिहोलेस तिएनेन मांतेका?' बीन्समध्ये चरबी आहे का? 'एल आरोस तिएने काल्दो दे पोयो?' भातात चिकनचं पाणी आहे का? आणि सुरुवातीलाच: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो.' मी मांस, कोंबडी, मासे खात नाही.

काय मागवावं? 'नोपालेस', म्हणजे काटे काढलेल्या निवडुंगाची पानं. किंचित आंबट, थोडी भेंडीसारखी बुळबुळीत, भाजली की छान लागतात. 'राहास कोन केसो' म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. 'ओंगोस' म्हणजे अळंबी. 'फ्लोर दे कालाबासा' म्हणजे भोपळ्याची फुलं, ती आपण भजीत खातो, इथे केसादियात, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या तोर्तियात. 'वित्लाकोचे' हा कणसावर वाढणारा काळसर बुरशीचा प्रकार, त्याला मातीसारखा गाढ वास असतो. ही शेवटची दोन मेक्सिको सिटीच्या वळणाच्या ट्रकवर, ताज्या मासाचे केसादिये करणाऱ्यांकडे मिळतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने त्रोम्पोवाला ट्रक सोडून हातच्या तोर्तियाचा ट्रक शोधावा.

तवा मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो. त्याच तव्यावर मांस परतलेलं असतं आणि तीच उलथणी फिरते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ट्रकवर फळांच्या फोडी आणि सरबतं घ्यावीत. लिंबू, मीठ, तिखट लावलेला आंबा-कलिंगडाचा पेला हेही मेक्सिकन रस्त्यावरचं अस्सल खाणं आहे, आणि त्याची चव आपल्या ओळखीची आहे.

ताको, मुलिता की बुरितो

पहिल्यांदा जात असाल तर फक्त ताको घ्या. तळहाताएवढी तोर्तिया, बहुधा दोन एकावर एक, वर मांस, कांदा आणि कोथिंबीर. दोन तोर्तियांचा उपयोग असा की वरचं सांडलेलं खालच्यात गोळा होतं. चवीची खरी पारख याच आकारात होते, कारण लपवायला काही नसतं. एकाची किंमत साधारण २ ते ४ डॉलर.

'मुलिता' म्हणजे दोन तोर्तियांमध्ये मांस आणि चीज घालून शेकलेली. मुलांना ही फार आवडते. 'सोपे' म्हणजे काठ उचललेली जाड मक्याची पुरी, वर बीन्स आणि मांस. 'तोर्ता' म्हणजे पावातलं सँडविच. बुरितो पोट भरायला चांगला, पण त्यात भात, बीन्स आणि मांस एकत्र गुंडाळल्यावर ताकेरोचं कसब हरवतं.

किती मागवायचे? भूक चारची असली तरी आधी दोनच, वेगवेगळ्या मांसांचे. गार झालेला ताको कडक होतो, म्हणून ताटात रांग लावून ठेवण्यात अर्थ नाही. दोन उभ्यानेच संपवा, त्यातला कुठला आवडला ते ठरवा आणि पुन्हा रांगेत जा. चौघे असाल तर प्रत्येकाने वेगळं मांस घेऊन एकेक घास वाटून बघा. दुसऱ्या फेरीत मग कुणाला अंदाजाने मागवावं लागत नाही.

खिडकीत

आधी 'बुएनास तार्देस', अंधार पडला असेल तर 'बुएनास नोचेस'. हे न बोलता थेट मागणं त्यांच्यात उद्धट वाटतं. मग आकडा आणि नाव: 'दोस दे पास्तोर, उनो दे लेंग्वा, पोर फावोर.' 'दोस' म्हणजे दोन, 'उनो' म्हणजे एक. 'कोन तोदो?' असं विचारतील, म्हणजे कांदा-कोथिंबीर सगळं घालू का? हो म्हणा. कांदा नको असेल तर 'सिन सेबोया'. 'पारा आकी ओ पारा येवार?' म्हणजे इथे की घरी? इंग्रजीतही काम भागतं, पण चार शब्द बोललात की समोरच्याचा चेहरा खुलतो. रोख पैसे जवळ ठेवा, काही ट्रक कार्ड घेत नाहीत.

साल्सा

घाई इथे महागात पडते. हिरवा म्हणजे सौम्य आणि लाल म्हणजे तिखट, असं नाही. तोमातिओ नावाच्या आंबट हिरव्या फळाचा पातळ साल्सा सहसा बेताचा असतो. पण दाट, फिकट हिरवा, लोण्यासारखा दिसणारा साल्सा अॅव्होकॅडोचा समजून ओतू नका. पुष्कळदा तो हालापेन्यो मिरची आणि तेल घुसळून केलेला असतो. केशरी रंगाचा असेल तर त्यात चिले दे आर्बोल किंवा हाबानेरो असू शकते, आणि हाबानेरोचा झटका आपल्या लवंगी मिरचीला ओळखणाऱ्यालाही जड जातो. आधी ताटाच्या कडेला थेंबभर घ्या, तोर्तियाचा तुकडा बुडवून चाखा, मग ठरवा.

जोड्या अशा: अल पास्तोरमध्ये अननसाचा गोडवा आहे, म्हणून त्याला लाल, भाजक्या मिरचीचा. कार्नितास आणि लेंग्वा तुपकट, म्हणून त्यांना आंबट हिरवा. माशाला कोबी आणि पातळ पांढरी क्रीम आधीच असते, तिथे नुसतं लिंबू पुरे. बिर्रियाला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि कोन्सोमेत एक बुडी. शेजारी ठेवलेले मुळ्याचे काप, लोणच्यातलं गाजर आणि तव्यावर भाजलेली अख्खी मिरची बहुतेक ठिकाणी फुकट असते, घ्या. साल्साचे डबे उन्हात उघडे असतील तर मात्र मी ते टाळतो. ते बर्फावर किंवा झाकलेले हवेत.

चिंच आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेली आणि मिरची, टोमॅटो, चिकू, पेरू तिकडून आपल्याकडे आले. त्यामुळे पेयांच्या पिंपांसमोर उभं राहिलं की परकं वाटत नाही. 'तामारिंदो' म्हणजे चिंचेचं सरबत. 'हामाइका' म्हणजे अंबाडीच्या भावकीतल्या लाल फुलांचं, आंबट आणि तुरट. ते तुपकट मांसाबरोबर सगळ्यात चांगलं. 'ओर्चाता' म्हणजे तांदूळ आणि दालचिनीचं गोड पांढरं पेय. तिखट लागलं तर पाण्याऐवजी हे घ्या. काही जण त्यात दूध घालतात, दूध चालत नसेल तर विचारून घ्या.

घरी न्यायचं असेल तर तयार ताको नेऊ नका, वीस मिनिटांत तोर्तिया ओली होऊन फाटते. मांस वजनावर देता का ते विचारा, 'पोर लिब्रा', म्हणजे पाउंडावर. तोर्तिया, कांदा-कोथिंबीर आणि साल्सा वेगळे बांधून घ्या. घरी आपला चपातीचा लोखंडी तवा चांगला तापवा, तोर्तियांवर पाण्याचा हात फिरवून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेका आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. त्याच तव्यावर मांस टाका आणि हलवू नका. खालची बाजू तांबूस झाली की एकदाच उलटा आणि लगेच वाढा.